‘सावली’ या एका शब्दावरून पारखलेला शिकागो विद्यापीठाचा कोशसंग्रह

शब्दकोशाची परीक्षा अवघड शब्दावर घेऊ नये, असे माझे मत आहे. अवघड शब्दाचा अर्थ कोणताही बरा कोश देतो, कारण तो शब्द फारसा कोठे वापरला जात नाही आणि त्याचा अर्थ एका ओळीत संपतो. कोशाचा खरा कस लागतो तो साध्या, रोजच्या, घराघरांत बोलल्या जाणाऱ्या शब्दावर. असा शब्द शेकडो वर्षे वापरात राहून अर्थाने पसरलेला असतो, त्याची जुनी रूपे आजच्या रूपाहून वेगळी असतात आणि त्याचे मूळ बोलणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. ‘सावली’ हा असा शब्द आहे. शिकागो विद्यापीठाने आंतरजालावर खुल्या ठेवलेल्या ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ या कोशसंग्रहाचे हे परीक्षण मी याच एका शब्दाच्या आधारे करत आहे. त्यातून संग्रहाची ताकद आणि मर्यादा दोन्ही चांगल्या उघड होतात.

या संग्रहात दक्षिण आशियातील अनेक भाषांचे कोश आहेत. मराठीपुरते पाहिले तर पाच कोश महत्त्वाचे ठरतात : जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती, श्रीधर गणेश वझे यांचा १९११ सालचा शालेय कोश, दाते आणि कर्वे यांच्या संपादनाखाली १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघालेला आणि १९५० साली पुरवणीने पूर्ण झालेला महाराष्ट्र शब्दकोश, मॅक्सीन बर्नसन यांचा मराठी शिकणाऱ्यांसाठी केलेला छोटा कोश, आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा १९९९ सालचा जुन्या मराठीचा कोश. यांच्या जोडीला, फक्त मराठीचा नसलेला पण मराठी शब्दाच्या मुळाशी जाताना टाळता न येणारा, राल्फ टर्नर यांचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोशही येथे आहे. हे सारे विनामूल्य आहे. यांतील काही ग्रंथ छापील स्वरूपात मिळवणे सामान्य वाचकाला सोपे नाही आणि महाराष्ट्र शब्दकोशाचे सर्व विभाग घरात ठेवायला एक कपाटच लागेल. हे लक्षात घेतले तर ही सेवा केवढी मोठी आहे, हे वेगळे सांगावे लागू नये.

सुरुवात मोल्सवर्थपासून करावी. हा कोश मराठीतील शब्दांचा अर्थ इंग्रजीत सांगतो आणि ‘सावली’च्या बाबतीत हेच त्याच्या उपयोगाचे कारण ठरते. मराठीत झाडाखालचा गारवा ही सावली असते आणि उन्हात उभ्या माणसाची जमिनीवर पडलेली काळी आकृती हीदेखील सावलीच असते. पहिली सावली ही जागा आहे, तिच्यात बसता येते. दुसरी ही आकृती आहे, ती फक्त पाहता येते. इंग्रजीत यांच्यासाठी ‘शेड’ आणि ‘शॅडो’ असे दोन वेगळे शब्द असल्यामुळे इंग्रजीत अर्थ देणाऱ्याला थांबून विचार करावा लागतो आणि मराठी वाचकाला एरवी न जाणवणारा हा दुहेरीपणा त्यातून समोर येतो. मराठी व्याकरणाने मात्र हा फरक आपल्या पद्धतीने सांभाळलेला आहे. माणूस सावलीत किंवा सावलीला बसतो, धान्य किंवा औषधी पाने सावलीत वाळवतात, तेथे सप्तमी आणि चतुर्थी सहज येतात. आकृतीच्या अर्थी मात्र सावली पडते, लांबते, पायाखाली येते, पाठलाग करते. क्रियापद पाहिले की अर्थ कळतो. कोशाने शब्दासोबत त्याची क्रियापदे द्यावीत, ही अपेक्षा याचसाठी असते.

मोल्सवर्थचा कोश सरसकट निर्दोष मानण्याची आपल्याकडे एक सवय आहे. ती मला पटत नाही. त्याची शिस्त, त्यातील वाक्प्रचारांचा साठा आणि संस्कृत, फारसी, हिंदुस्थानी अशा उगमांच्या खुणा यांबद्दल आदर बाळगूनही हे ध्यानात ठेवले पाहिजे की, संकलनाला मदत करणारी मंडळी मुख्यतः शास्त्रीपंडित होती. साहजिकच शिष्ट वळणाच्या मराठीला त्यात मोठी जागा मिळाली. शब्दाच्या उगमाबद्दल मोल्सवर्थ जे सांगतो ते बहुधा एका अक्षराच्या खुणेपुरते असते. एखादा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला असेल तर ती खूण पुरते. जो शब्द बाराशे-पंधराशे वर्षे लोकांच्या तोंडी झिजत आला आहे, त्याच्यासाठी ती पुरत नाही.

दाते-कर्वे यांच्या कोशाकडे वळले की वातावरण बदलते. येथे मराठीचा अर्थ मराठीतच दिलेला आहे. शिवाय नोंदीत जुन्या ग्रंथांतील आधार येतात : ‘ज्ञा’ म्हणजे ज्ञानेश्वरी, ‘तुगा’ म्हणजे तुकारामांची गाथा, ‘एभा’ म्हणजे एकनाथी भागवत. संक्षेपांची ही सवय व्हायला थोडा वेळ लागतो, पण एकदा ती झाली की कोश हा अर्थांच्या यादीपेक्षा कितीतरी मोठा वाटू लागतो, कारण प्रत्येक अर्थामागे कोणीतरी बोललेले किंवा लिहिलेले वाक्य उभे असते. शब्दाची व्युत्पत्ती चौकटी कंसात दिलेली असते. वाचकाने सर्वांत आधी पाहावे ते आधार आणि सर्वांत सावधपणे वाचावी ती व्युत्पत्ती, असा माझा सल्ला आहे. आधार तपासून पाहता येतो. कंसातील व्युत्पत्ती मात्र पुष्कळदा संपादकांचा निष्कर्ष असतो आणि तो कसा काढला हे सांगायला तेथे जागा नसते.

याच कोशाच्या पानांतून फिरताना ‘सावली’ आणि ‘छाया’ यांच्यातील कामाची वाटणी चांगली समजते. अर्थाने दोन्ही शब्द सारखेच म्हणता येतील, पण मराठी बोलणारा माणूस त्यांची अदलाबदल करत नाही. उन्हातून आलेला माणूस झाडाच्या सावलीला टेकतो, छायेला टेकत नाही. छायेत बसतो तो कवितेतला पांथस्थ. आईच्या मायेची सावली असते, पण कर्त्या पुरुषाची किंवा राजाची छत्रछाया असते. दुःखाची छाया चेहऱ्यावर पसरते, तेथे ‘सावली’ हा शब्द फार घरगुती वाटतो. छायाचित्र, छायांकन, छायाप्रत असे नवे शब्द घडवताना ‘छाया’ कामाला येते, कारण तत्सम शब्दांचे समास सहज होतात. उलट वाक्प्रचारांची सारी समृद्धी ‘सावली’कडे आहे : सावलीसारखे पाठीशी असणे, स्वतःच्या सावलीला भिणे, एखाद्याला सावलीलाही उभे न करणे. ‘ऊन-सावली’ हा जोडशब्द तर इतका मुरलेला आहे की, तेथे ‘ऊन-छाया’ म्हणून पाहिले तरी कानाला खटकते.

‘सावलीला उभे न करणे’ या वाक्प्रचाराशी मात्र थोडे थांबले पाहिजे. आज तो ‘जवळ येऊ न देणे’ इतक्याच अर्थाने, भांडणतंट्याच्या बोलण्यात, सहज वापरला जातो आणि तेथे सावली म्हणजे आश्रयाची जागा असा अर्थ आहे. पण मराठी मुलखात सावलीचा आणखी एक, फार क्रूर इतिहास आहे. पेशवाईत अस्पृश्य मानलेल्या माणसाची सावली अंगावर पडली तरी विटाळ होतो असे समजले जाई. समोरून सवर्ण हिंदू येत असेल तर अस्पृश्याला सार्वजनिक रस्त्याने जाण्याची मनाई होती, ही गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या भाषणात स्पष्टपणे मांडली आहे. ‘सावली पडू न देणे’ या शब्दांना त्यामुळे एका समाजाच्या कानी जो अर्थ आहे, तो दुसऱ्या समाजाच्या कानी नाही. शब्दकोशाने हा सगळा इतिहास नोंदीत कोंबावा, अशी माझी मागणी नाही. पण एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील कोश वाचताना, नोंद कोणी केली आणि कोणाच्या बोलीवरून केली, हा प्रश्न वाचकाने जवळ बाळगावा. ‘सावली’इतका निरागस दिसणारा शब्दही त्याला अपवाद नाही.

आता शोध घेण्याच्या सोयीबद्दल. संग्रहातील प्रत्येक कोशाला स्वतःचे पान आहे आणि मराठी कोशांत देवनागरीत शब्द लिहून शोधता येतो. फक्त शीर्षकशब्द शोधावा की संपूर्ण मजकूर, हेही ठरवता येते. या दुसऱ्या सोयीचे महत्त्व नवख्या वाचकाच्या लक्षात लवकर येत नाही. संपूर्ण मजकुरात ‘सावली’ शोधली की, इतर शब्दांच्या स्पष्टीकरणात, म्हणींत आणि उदाहरणांत ती जेथे जेथे आली आहे त्या नोंदीही समोर येतात. एखादा शब्द भाषेत किती खोल गेला आहे, याचा अंदाज त्याच्या स्वतःच्या नोंदीपेक्षा अशा वेळी अधिक चांगला येतो.

अडचण येते ती लेखनाची. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या नियमांनी उच्चारात न येणारे अनुस्वार लेखनातून काढून टाकले. त्याआधीच्या कोशांत मात्र ते जागोजागी आहेत. आजच्या सवयीने ‘गाव’ किंवा ‘नाव’ लिहिणाऱ्याला जुन्या कोशात ‘गांव’ आणि ‘नांव’ शोधावे लागते. ‘सावळा’ हा शब्द पाहायचा असेल तर ‘सांवळा’ही लिहून पाहावा लागतो. ‘सावली’च्या बाबतीत दुसरेच वळण आहे. तिचे जुने रूप ‘साउली’ असे आहे, म्हणून दोन्ही रूपांनी शोध घ्यावा. हे ज्याला माहीत नाही, त्याचा शोध अर्ध्यावर संपतो आणि शब्द कोशात नाही असा त्याचा गैरसमज होतो. जुन्या लेखनाची ओळख करून देणारे दोन परिच्छेद मराठीतून पानावर दिले असते, तर महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना या सेवेचा उपयोग कितीतरी वाढला असता.

‘साउली’ हे रूप पाहण्यासाठी तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा कोश उघडावा. या कोशाची मर्यादा त्याच्या संपादकांनी स्वतःच आखून घेतली आहे : मराठीच्या आरंभापासून साधारण १३५० पर्यंतचे वाङ्मय आणि शिलालेख. या आखलेल्या मर्यादेमुळेच तो विश्वासार्ह झाला आहे. १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत ‘साउली’ भेटते, महानुभावांच्या गद्यात जुन्या मराठीचे बोलते रूप भेटते आणि हे सारे आधारांसह नोंदलेले असल्यामुळे शब्दाचे वय सांगताना अंदाजाची गरज राहत नाही. ‘साउली’तील ‘उ’चा पुढे ‘व’ झाला, ही घटनाही एकट्या या शब्दापुरती नाही. ‘पाऊल’चे अनेकवचन ‘पावले’ होते, ‘देऊळ’चे सामान्यरूप ‘देवळात’ होते. तीच प्रवृत्ती येथे आहे.

संतवाङ्मयात ‘साउली’ आणि ‘माउली’ यांचे यमक पुन्हा पुन्हा जुळते. भाव पाहता ते स्वाभाविक आहेच, पण व्याकरणाच्या दृष्टीनेही ते योगायोगाने जुळलेले नाही. दोन्ही शब्दांच्या शेवटी एकच प्रत्यय आहे. प्राकृत-अपभ्रंशात ‘-उल्ल’ हा प्रत्यय लाडिकपणा किंवा लघुत्व दाखवण्यासाठी, पुष्कळदा तर अर्थात काहीही भर न घालता, शब्दाला लागत असे. ‘माय’ला तो लागून ‘माउली’ झाली, ‘पाय’ला लागून ‘पाऊल’ झाले आणि ‘छाया’च्या मराठी वंशजाला लागून ‘साउली’ झाली. आज आपण ‘सावली’ म्हणतो तेव्हा तिच्यात हा जुना जिव्हाळ्याचा प्रत्यय विरघळून गेलेला असतो.

ही व्युत्पत्ती तपासायची कशी, हे सांगणे येथे आवश्यक आहे, कारण संग्रहाची खरी किंमत याच कामात कळते. टर्नरचा कोश उघडून ‘छाया’ या संस्कृत शीर्षकाखाली पाहिले की पाली, प्राकृत आणि त्यांच्यानंतरच्या अनेक भाषांतील रूपे एका ठिकाणी मांडलेली दिसतात. हिंदीत छाँह आणि छाँव, पंजाबीत छां, गुजरातीत छांयो आणि छांयडो. मग मराठीतच ‘छ’ कोठे गेला? याचे उत्तर एका शब्दात मिळत नाही, ते शब्दांच्या रांगेत मिळते. हिंदीत मछली, मराठीत मासा. हिंदीत कछुआ, मराठीत कासव. हिंदीत पूछना, मराठीत पुसणे. हिंदीत बछड़ा, मराठीत वासरू. हिंदीत छुरी, मराठीत सुरी. प्राकृतातील ‘छ’ आणि ‘च्छ’ मराठीत ‘स’ झाले आणि पुढे ‘इ’ किंवा ‘ए’ असेल तर ‘श’ झाले. म्हणून ‘मक्षिका’ची ‘माशी’ आणि ‘क्षेत्रा’चे ‘शेत’. हा बदल मराठीच्या ठळक ओळखींपैकी एक आहे आणि ‘छाँव’च्या जागी ‘सावली’ असणे हे त्याच नियमाचे उदाहरण आहे. आजच्या मराठीत ‘छ’ने सुरू होणारे शब्द आहेत, पण त्यांतील पुष्कळ संस्कृतातून थेट घेतलेले किंवा शेजारच्या भाषांतून आलेले आहेत. ‘छाया’ हा त्यांतलाच एक. म्हणजे एकच संस्कृत शब्द मराठीत दोन वाटांनी आला : लोकांच्या तोंडून झिजत ‘सावली’ होऊन, आणि पंडितांच्या लेखणीतून जसाच्या तसा ‘छाया’ होऊन. त्यांच्या वापरातील जो फरक वर सांगितला, त्याचे कारण येथे आहे.

‘सावली’चा संबंध ‘सावळा’ या शब्दाशी जोडण्याचा मोह अनेकांना होतो. सावली काळी असते, सावळा रंगही काळसर असतो, आणि दोन्ही शब्दांची सुरुवात एकसारखी आहे. पण हा संबंध ध्वनीच्या कसोटीवर टिकत नाही आणि त्याचे कारण एका अक्षरात आहे. प्राकृतात दोन स्वरांच्या मध्ये असलेला एकेरी ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो आणि दुहेरी ‘ल्ल’ मात्र ‘ल’ राहतो. संस्कृत ‘काल’ म्हणजे समय, त्याचा मराठीत ‘काळ’ झाला. ‘कल्य’पासून आलेल्या प्राकृत ‘कल्ल’चा मराठीत, गेलेला दिवस या अर्थी, ‘काल’ झाला. ‘श्यामल’मध्ये ‘ल’ एकेरी आहे, म्हणून ‘सावळा’. ‘-उल्ल’मध्ये तो दुहेरी आहे, म्हणून ‘सावली’, ‘माउली’, ‘पाऊल’. कोशसंग्रहात हे शब्द एकामागून एक पाहिले की हा नियम डोळ्यांसमोर उभा राहतो. एखाद्या व्युत्पत्तीवर विश्वास का ठेवावा आणि दुसरी मोहक असूनही का सोडावी, हे शिकवणारे यापेक्षा चांगले साधन मराठी वाचकाजवळ नाही, असे मी पूर्ण विचाराने म्हणतो.

‘छाया’चा अर्थविस्तारही असाच तपासण्याजोगा आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत कोशाच्या नानार्थवर्गात, म्हणजे अनेक अर्थांच्या शब्दांच्या विभागात, छायेचे चार अर्थ एका ओळीत येतात : सूर्याची पत्नी, कांती, प्रतिबिंब आणि उन्हाचा अभाव. सूर्याची पत्नी संज्ञा त्याचे तेज न साहून निघून गेली आणि जाताना आपल्या जागी आपली छाया ठेवून गेली, ही कथा सर्वपरिचित आहे. शनीला छायेचा पुत्र मानतात ते त्यामुळेच. नवल आहे ते दुसऱ्या अर्थाचे. जी काळोखी आहे तिलाच कांती, म्हणजे तेज, असेही म्हणावे हे आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटते. प्राकृत बोलणाऱ्यांनी हा गोंधळ उच्चारातच मिटवला होता, असे बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या व्याकरणावरून दिसते. कांती हा अर्थ नसेल तेव्हा ‘छाया’तील ‘य’च्या जागी विकल्पाने ‘ह’ होतो, असा नियम त्याने दिला आहे. झाडाची ती ‘छाही’, आणि मुखाची ती मात्र ‘छाया’च. हिंदीतील ‘छाँह’ हा शब्द ऐकताना या नियमाची आठवण ठेवावी. आणखी एक वेगळा अर्थ म्हणजे संस्कृत नाटकांतील प्राकृत संवादांखाली दिलेले संस्कृत रूपांतर. त्यालाही ‘छाया’ असेच म्हणतात.

टर्नरचा कोश संस्कृतपासून खाली येतो. संस्कृतच्या मागे जाणे हे त्याचे काम नाही. तेथे वाचकाला संग्रहाबाहेर जावे लागते. भारतीय परंपरेने ‘छाया’ हा शब्द ‘छो’ म्हणजे कापणे या धातूपासून साधला आहे. प्रकाशाला तोडते ती छाया, असा त्याचा अन्वय. तौलनिक भाषाशास्त्र मात्र तिचे नाते सावली याच अर्थाच्या ग्रीक ‘स्किया’शी आणि फारसी ‘साया’शी लावते. यातील फारसी शब्दाबद्दल मराठी वाचकाने विशेष सावध असावे. उर्दूतून आपल्या कानावर येणारा ‘साया’ आणि मराठी ‘साउली’ हे दोन्ही ‘स’ने सुरू होतात, म्हणून एक दुसऱ्यापासून निघाला असे वाटू शकते. तसे नाही. इराणी भाषांतील ‘स’ त्यांच्या स्वतःच्या वाटेने आला, आणि मराठीतील ‘स’ प्राकृत ‘छ’पासून, मासा आणि कासव यांच्याबरोबर, आला. नाते आहे ते फार मागे, छायेच्याही आधीच्या पिढीत. छाया हा शब्द ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील हिरण्यगर्भसूक्तात येतो आणि तेथे अमृत आणि मृत्यू या दोहोंना त्या देवाची छाया म्हटले आहे. आश्रय आणि भय हे सावलीचे दोन्ही अर्थ इतके जुने आहेत.

आश्रय आणि भय यांचा उल्लेख झाला, म्हणून ‘सावट’ या शब्दाकडे वळतो, आणि येथेच या संग्रहाची सर्वांत मोठी उणीव दिसते. आजच्या वर्तमानपत्री मराठीत सावट हे नेहमी अशुभाचेच असते : दुष्काळाचे सावट, युद्धाचे सावट, मंदीचे सावट. सुखाचे सावट कोणी लिहीत नाही. शब्दाचा वापर असा एका दिशेने पक्का होत गेला, ही गेल्या काही दशकांतील मराठीची महत्त्वाची घडामोड आहे, पण तिची नोंद १९५० साली थांबलेल्या कोशात मिळणार नाही. तुळपुळे-फेल्डहाउस कोश नवा आहे, परंतु त्याचा विषय जुना आहे. बर्नसन यांचा कोश विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे, पण तो शिकणाऱ्यांच्या प्राथमिक गरजेपुरताच. म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या मराठीचा मोठा, साधार कोश या संग्रहात नाही. विज्ञानाच्या मराठीबद्दलही हेच. ग्रहणाच्या वेळी आपण ‘छायाकल्प चंद्रग्रहण’ असे वाचतो. चंद्र पृथ्वीच्या गडद छायेत न शिरता फक्त उपच्छायेतून जातो तेव्हा त्याचे तेज किंचित मंदावते, म्हणून त्याला ‘मांद्य चंद्रग्रहण’ असेही म्हणतात. ‘शून्य सावली दिवस’ हा तर अलीकडे रुळलेला सुंदर शब्दप्रयोग आहे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या प्रदेशात वर्षातून दोनदा सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच पडते. महाराष्ट्रात हे मे महिन्यात आणि पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये घडते. येथे कोणी ‘शून्य छाया दिवस’ न म्हणता बोलीतला ‘सावली’ हा शब्द निवडला आणि लोकांनी तो उचलला, याचा मला मनापासून आनंद आहे. अशा शब्दांसाठी वाचकाला विश्वकोश आणि शासनाचे परिभाषाकोश यांच्याकडे जावे लागते.

दुसरी उणीव मांडणीची आहे. हे कोश एका छताखाली आले, तरी एका कोशातील नोंद दुसऱ्या कोशातील नोंदीकडे बोट दाखवत नाही. ‘सावली’ पाहणाऱ्याला ‘साउली’कडे, तेथून ‘छाया’कडे आणि तेथून टर्नरच्या शब्दकुटुंबाकडे आपली वाट आपणच काढावी लागते. ज्याला मराठीच्या ध्वनिबदलांची थोडी माहिती आहे, तो ती काढतो. ज्याला नाही, तो पहिल्याच कोशातून अर्थ घेऊन परत फिरतो. शिवाय पाचपैकी चार मराठी कोशांतील स्पष्टीकरणे इंग्रजीत असल्यामुळे आणि टर्नरचा कोश चिन्हांकित रोमन लिपीत असल्यामुळे, इंग्रजीची सवय नसलेल्या वाचकाला दाते-कर्वे यांच्या कोशापुढे जाणे जड जाते. या संग्रहाच्या मांडणीमागे मुख्यतः संशोधक डोळ्यांसमोर होता, हे समजण्याजोगे आहे. पण मराठी शब्दांचे एवढे भांडार ज्यांच्या भाषेचे आहे, त्यांच्यासाठी मराठीतून एक मार्गदर्शिका करण्याचे काम महाराष्ट्रातील एखाद्या विद्यापीठाने अंगावर घ्यायला हरकत नाही.

मराठीचे शिक्षक, अनुवादक, संपादक आणि जुने वाङ्मय वाचणारे यांनी ही सेवा रोजच्या वापरात ठेवावी, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. अनुवादकाने मोल्सवर्थपासून सुरुवात करावी, कारण एका मराठी शब्दाच्या पोटात किती अर्थ आहेत हे तेथे लवकर दिसते. अभंग किंवा ओवी वाचणाऱ्याने आधी दाते-कर्वे आणि मग तुळपुळे-फेल्डहाउस पाहावा. व्युत्पत्तीची हौस असणाऱ्याने टर्नर पाहिल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये, आणि टर्नर पाहिल्यावरही कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ सालचा मराठी व्युत्पत्तिकोश जवळ ठेवावा. ज्याला केवळ आजच्या बोलण्यातला अर्थ चटकन हवा आहे, त्याच्यासाठी मात्र ही जागा नाही. त्याने एखादा अद्ययावत छोटा कोश वापरावा.